खाडा

१ ऑगस्ट ही आपल्याकडची गजबजलेली तारीख. शाळेत, ग्रामपंचायतीत, सरकारी कचेरीत एकाच टेबलावर लोकमान्यांची तसबीर आणि शेजारी अण्णा भाऊ साठ्यांची. एका नारळात दोन्ही कार्यक्रम उरकलेले. १९२० साली याच दिवशी एक गेले आणि दुसरे जन्माला आले, हा योग सांगायला वक्त्यांना फार आवडते. २०२३ साली या तारखेला आणखी एक नोंद चिकटली, तिच्यासाठी मात्र कुणी हार आणत नाही. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू होते. पुलाचे सिमेंटचे अजस्र तुकडे, म्हणजे साईटच्या बोलीतले सेगमेंट, उचलून जागेवर बसवणारा लाँचर शंभरेक फुटांवरून गर्डरसकट खाली आला. वीस माणसे मेली, तीन जखमी झाली. सकाळ उजाडली तेव्हा १ ऑगस्ट होता. पाऊस चालू होता आणि मदत पथकांची माणसे लोखंडाच्या सांगाड्याखाली वाकून पाहत होती.

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरची वाट सलग झाली. सरळांब्याची जागा याच टप्प्यात येते. रस्ता चांगला झाला आहे, हे म्हणायला आम्हाला संकोच नाही. पावसाळ्यात सह्याद्री हिरवागार होतो, उंच पुलांवरून गाड्या सुसाट जातात, मागच्या सीटवरची पोरे काचेला नाक लावून ढग बघतात. तो पूल मागे पडायला मिनिटही लागत नाही.

वीस हा आकडा निदान काहींच्या स्मरणात असेल. त्याच बातमीतला तीन हा आकडा किती जणांना आठवतो? मृतांच्या वारसांना राज्य सरकारचे पाच लाख आणि पंतप्रधान निधीतले दोन लाख जाहीर झाले, गुन्हा नोंदवला गेला, चौकशीची घोषणा झाली. इतकी माणसे एकदम मेली की व्यवस्थेला हलावेच लागते. आजचा विषय त्या तीन जणांच्या जातकुळीच्या माणसांचा आहे. रस्त्याच्या कामावर रोज कुणाची तरी बोटे जातात, कुणाचा पाय चाकाखाली येतो, कुणाची पाठ कायमची बसते आणि त्याची दोन ओळींची बातमीही होत नाही.

अण्णा भाऊ वाटेगावहून चालत मुंबईला आले होते. मुंबईत पडेल ते कष्टाचे काम त्यांनी केले. पृथ्वीचा भार नक्की कुणी पेलला आहे, याचा निवाडा त्यांनी १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनात करून टाकला आणि ते वाक्य आज जयंतीच्या प्रत्येक बॅनरवर छापलेले असते. त्या वाक्यात पृथ्वी पेलणारा कष्टकऱ्यांचा तळहात आहे. आम्हाला त्या तळहाताच्या बोटांविषयी लिहायचे आहे.

रस्त्याच्या कामावर माणूस जखमी कसा होतो, हे ज्यांनी साईट जवळून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. इतरांनी एकदा डांबरीकरण चाललेले असताना कडेला दहा मिनिटे उभे राहावे. पुढे पेव्हर, म्हणजे डांबरमिश्रित खडी पसरणारे यंत्र, इंचाइंचाने सरकत असते. त्याच्या तोंडाशी गरम माल ओतायला हायवा, म्हणजे मोठा टिप्पर, उलटा येतो. चालकाला आरशात आपल्या गाडीच्या दोन्ही बाजू दिसतात, मागचे काही दिसत नाही. ‘येऊ दे, येऊ दे, बस्स’ असे ओरडणारा हेल्पर हेच त्याचे डोळे. हा हेल्पर बहुधा विशीतला पोरगा असतो, त्याला हे काम कुणी शिकवलेले नसते आणि तो उभा असतो नेमका चाकाच्या रेषेत, कारण तिथूनच पेव्हर आणि हायवा दोन्ही दिसतात. मागे फावडी आणि रेक घेतलेली माणसे, त्यांच्या मागे दीडशे अंशांच्या आसपास तापलेला माल, त्यावर पुढे-मागे फिरणारा रोलर. रोलरचा चालकसुद्धा अर्धा वेळ उलटाच जात असतो. म्हणजे माणसांची एक रांग आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाठमोरी चालणारी दोन जड यंत्रे. अशा ठिकाणी अपघात रोज होत नाही, याचेच नवल वाटावे.

उलटे जाताना वाजणारा भोंगा असतो ना? असतो. पण साईटवर पाच गाड्या एकाच वेळी टीं-टीं करत असल्या की कानांना त्याची सवय होऊन जाते. देवळाजवळ राहणाऱ्याला घंटा ऐकू येत नाही तसे. काही चालक डोक्याला ताप नको म्हणून त्याची तारच काढून ठेवतात. नव्या गाड्यांना मागे कॅमेरा असतो, त्यावर पहिल्याच आठवड्यात चिखलाचा लेप बसतो.

पोकलेनची, म्हणजे खोदकामाच्या यंत्राची, गोष्ट निराळी. त्याचा समोरचा दात सगळ्यांना दिसतो, त्याची भीतीही वाटते. माणूस मारतो तो त्याचा मागचा भाग. वरची केबिन गर्रकन फिरली की पाठीमागचे वजन एखाद्या दारासारखे फिरून येते आणि ते वजन व कातळ यांच्या फटीत कुणी सावलीला टेकलेला असला तर त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. टिप्परचा हौदा वर उचललेला आणि डोक्यावर अकरा हजार व्होल्टची तार, ही दुसरी गत. हौदा वर करून त्याखाली टेकू न लावता ग्रीस भरायला शिरलेला क्लीनर, ही तिसरी. भरावाच्या कडेला माती खचून कलंडणारा रोलर आणि घाबरून त्याच बाजूला उडी मारणारा चालक, ही आणखी एक. तो जागेवर पट्टा बांधून बसला असता आणि वर भक्कम छत असते तर बहुतेक वाचला असता.

आणि हायड्रा. रस्त्याच्या कामावरच्या कुठल्याही जुन्या मुकादमाला विचारा, कुठल्या यंत्राची धास्ती वाटते. बरेच जण हेच नाव घेतील. ही उचलून चालणारी क्रेन. समोर लोंबकळणारा पाईप किंवा काँक्रीटचा ठोकळा, तो हेलकावे खाऊ नये म्हणून त्याला हाताने धरून पुढे चालणारा माणूस आणि मागे यंत्राची चाके. चालकासमोर त्याच्याच यंत्राचा दांडा आडवा आलेला असतो, पुढे चालणारा त्याला धड दिसत नाही. खड्ड्यात पाय अडखळला की संपले. काही मोठ्या प्रकल्पांनी या क्रेनला साईटवर मज्जाव केला आहे. पण पेटी कंत्राटदाराला, म्हणजे पोटठेकेदाराला, ती दिवसाच्या भाड्याने तालुक्याच्या गावात मिळते, अर्ध्या तासात हजर होते आणि तिच्याकडून सगळी कामे करून घेता येतात. स्वस्त आणि हाताशी असलेल्या वस्तूचा मोह आपल्याला घरातही आवरत नाही, साईटवर कुठून आवरणार?

ही झाली कामावरची इजा. ‘कामावर’ हा शब्दही रस्त्याच्या मजुराच्या बाबतीत फार आखूड पडतो, कारण तो कामावरच झोपतो, कामावरच जेवतो, कामाच्या गाडीतूनच ये-जा करतो. २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धीच्याच कामासाठी लोखंडी सळ्या नेणारा टिप्पर उलटला. सळ्यांवर मजूर बसवले होते. तेरा जण त्या सळ्यांखाली गेले. २२ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातल्या पासोडीजवळ पुलाच्या कामावरची माणसे पत्र्याच्या शेडमध्ये झोपली होती. अंधारात वाळूचा टिप्पर आला आणि त्याने हौदा रिकामा केला तो त्या शेडवर. पाच जण झोपेतच वाळूखाली गुदमरले. या दोन्ही ठिकाणी हेल्मेट, जाकीट, बूट यांचा प्रश्नच येत नाही. माणूस कुठे बसवायचा, कुठे झोपवायचा आणि यंत्र कुठून फिरवायचे, एवढे साधे ठरवणेही कुणाच्या खात्यावर नव्हते.

आपल्याकडे सुरक्षेचे सगळे बोलणे हेल्मेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. साईटच्या तोंडाशी पिवळ्या टोपीचे हसरे चित्र, खाली ‘सुरक्षा प्रथम’. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, शपथ, बिल्ला, चहा. हेल्मेटला आमचा विरोध असण्याचे कारण नाही, वरून पडणाऱ्या दगडापासून ते वाचवते. पण भरलेला हायवा उलटा अंगावर आला तर त्या टोपीचा काय उपयोग? टोपीचा खरा उपयोग नंतर होतो, पंचनाम्यात. ‘मजुराने हेल्मेट घातले नव्हते’ हे एक वाक्य लिहिले की बाकीचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. हे वाक्य उगाच लिहिले जात नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात अशी तरतूद होती की कामगाराने सुरक्षेची साधने जाणूनबुजून दूर केली किंवा नियम मुद्दाम मोडला आणि त्यातून त्याला इजा झाली, तर मालक जबाबदार नाही. त्याच कलमात पुढे मात्र स्पष्ट लिहिले होते की मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर ही सबब चालणार नाही. कायद्याचा हा दुसरा अर्धा भाग साईटवर कुणी वाचून दाखवत नसे.

२०२४ साली मराठवाड्यातल्या एका एसटी स्टँडवर एका फुटाणेवाल्याशी गाठ पडली. वय तीस-एकतीस. उजव्या हाताने पुडी बांधत होता, डावा हात शर्टाच्या बाहीत ओढून घेतलेला. पैसे घेताना बाही सरकली. डाव्या हाताला फक्त अंगठा होता.

“कशानं गेली?” आम्ही विचारले.

“हायड्रानं. नालीचे पाईप उतरवत होतो, साहेब. बेल्ट सरकला अन् हात दोन पायपांच्या मधी राहिला.”

आधी ऊसतोडीला जायचा. गुडघे धरायला लागले म्हणून रस्त्याच्या कामाला लागला, सहाशे रुपये रोजाने. ठेकेदार वाईट नव्हता, हे त्याने दोनदा सांगितले. खासगी दवाखान्यात नेले, बिल भरले, घरी पोचवले आणि तीस हजार रुपये हातात ठेवले. एक कागदही केला, यापुढे माझी काही मागणी नाही म्हणून. “सही येती मला. पण त्यांनी अंगठाबी घेतला.” डाव्या हाताचा अंगठा. तेवढाच तर उरला होता.

आता या तीस हजारांचा हिशेब आपण करून पाहू. त्याच्या अपघाताच्या वेळी लागू होता तो कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, हा शंभरी ओलांडलेला कायदा, १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात शरीराच्या एकेका भागाची टक्केवारी लिहिलेली आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळच्या इंग्रज कारकुनाने निदान हिशेब मांडला होता. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची रक्कम म्हणजे मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला एक गुणक. वेतन कितीही असले तरी जानेवारी २०२० पासून ते महिना १५,००० रुपयांपर्यंतच धरत. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, त्याचे निम्मे: ९,३५,९१० रुपये. त्याच्या हातात पडले त्याच्या एकतीसपट. दवाखान्याचा खर्च वेगळा, तोही मालकानेच द्यायचा.

आणि तो कागद? तो कायद्याने रद्दबातल. भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार या कायद्यापुढे टिकत नाही, मग त्यावर सही असो वा अंगठा. पेटी कंत्राटदार हात वर करत असेल तर मूळ कंत्राट ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून मागता येते. त्याने नंतर आपले पेटीवाल्याकडून वसूल करावे. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा, सबळ कारण असेल तर त्यानंतरही घेतला जाऊ शकतो, आणि तो अपघाताच्याच जिल्ह्यात करायला हवा असेही नाही, मजूर राहतो तिथे करता येतो. सरळांब्यात मेलेल्यांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, तमिळनाडू अशा कुठकुठल्या गावची माणसे होती. अशांसाठीच ही सोय आहे. हे सगळे त्या फुटाणेवाल्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण ते परत कामाला घेणार नाहीत ना मग. भाऊ हाय माझा तिथं.”

हा भाऊ फार महत्त्वाचा आहे. रस्त्याच्या कामावरची माणसे एकेकटी येत नाहीत, टोळीने येतात. एका गावची, एका भावकीची, एकाच मुकादमाने उचल देऊन आणलेली. एकाने दावा लावला की सगळ्या टोळीची भाकरी धोक्यात. म्हणून ‘मिटवून घेणे’ हा शब्द रस्त्याच्या कामावर डांबराइतकाच रोजच्या वापरातला आहे. ठेकेदार मिटवतो, मुकादम मिटवतो, कधी गावचे पुढारी मध्यस्थी करून मिटवतात. यात सगळेच दुष्ट असतात असे समजण्याचे कारण नाही. बरेचदा दोन्ही बाजूंना मनापासून वाटते की बरे झाले, कोर्टकचेरी टळली. पण मिटवता मिटवता नोंदच मिटते, तिचे काय?

मोठ्या साईटवर किती गोष्टी मोजल्या जातात ते पाहण्यासारखे असते. मुरुमाचा ओलावा मोजतात, भरावाची दाबणूक टक्क्यात मोजतात, डांबराचे तापमान गाडीगणिक लिहितात, काँक्रीटचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून पाहतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरली गेली, ७२० जणांच्या हातांनी, आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. विदर्भातला जूनचा पहिला आठवडा आणि त्यात डांबराची धग. त्या माणसांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी. त्या विक्रमात काही गैर घडले असे आम्हाला सुचवायचे नाही. पण तासावरची ३३ मिनिटेसुद्धा ज्या देशात नीट लिहिली जातात, तिथे रस्त्याच्या कामावर यंत्रांमुळे वर्षाला किती बोटे, किती पाय, किती डोळे गेले याचे एक पान छापून येत नाही. केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाचा अपघातांचा अहवाल दरवर्षी निघतो. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली, हे त्यातून कळते. काम चालू असलेल्या रस्त्यांवरच्या अपघातांची वेगळी बेरीजही त्यात असते. पण त्या रस्त्यावर मेलेला माणूस गाडीतून चालला होता की फावडे घेऊन उभा होता, हे त्या बेरजेतून हाती लागत नाही. कारखान्यातल्या कामगाराची गणना निराळी होते. रस्ता बांधणारा मजूर या दोन वह्यांच्या मधल्या फटीत राहतो, पोकलेन आणि कातळाच्या मधे सापडल्यासारखा.

अमेरिकेत याची मोजदाद ठेवतात. २००३ ते २०१७ या पंधरा वर्षांत तिथे रस्तेबांधणीच्या जागी १,८४४ कामगार मेले, वर्षाला सरासरी १२३. पैकी किती जणांना वाहनाने ठोकरले, हेही लिहिलेले असते. तिथे सारे आलबेल आहे असे नाही. वर्षाला सव्वाशे माणसे मरणे ही मिरवण्याची गोष्ट नव्हे. पण मोजल्यामुळे त्यांना एक कळले की मोठा धोका बाहेरून घुसणाऱ्या गाड्यांइतकाच साईटच्या आतल्या, आपल्याच गाड्यांचा आहे. मग तिथल्या संशोधकांनी एकेका यंत्राभोवतीचा चालकाला न दिसणारा भाग कागदावर काढला. आतल्या गाड्यांची वाट आखून देण्याची पद्धत सुचवली: हायवा कुठून शिरेल, कुठे वळेल, उलटा कमीत कमी कसा जाईल, माणसे कुठल्या बाजूने चालतील. यात अवघड असे काय आहे? चुन्याची फक्की आणि चार दोऱ्या असल्या तर एवढे आपल्या गावच्या यात्रेतही करतात.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही, हेच तर दुखणे आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता तो इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ सालचा. त्यात रस्ते आले, पूल आले, बोगदे आले. त्याच्या ३९ व्या कलमानुसार अपघातात मृत्यू झाला, किंवा इजेमुळे कामगार ४८ तास अथवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने संबंधित अधिकाऱ्याला कळवायचे. पाच किंवा अधिक माणसे मेली तर महिन्याच्या आत चौकशी करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक. चारच मेली, किंवा चाळीस जखमी झाली, तर त्याला वाटल्यास. पाचाचा हा आकडा कुणी आणि कसा काढला असेल? त्याच कायद्यात पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी हवा, असेही म्हटले होते. शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावर पाचशेच्या किती तरी पट माणसे राबतात, पण ती पेटीपेटीत वाटलेली असतात: साठ या पेटीत, चाळीस त्या पेटीत, तीस क्रशरवर, वीस सळईवर. हजेरीपट इतके की पाचशेची ओळ कुठल्याच पानावर भरत नसे. २०२० साली संसदेने कामाच्या जागेच्या सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली, तीत हे सारे नव्याने लिहिले आहे. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला.

पैशाचेही तेच. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. पण मंडळाच्या योजना मिळायच्या तर मजुराची नोंदणी हवी, नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा आणि त्या दाखल्यासाठी बहुधा ठेकेदाराने ‘हा माझा माणूस’ असे कागदावर कबूल करायला हवे. ज्याच्या नावाने एक टक्का कापला तो नव्वद दिवस आपल्याकडे होता हे लिहून द्यायला मात्र पेन चालत नाही. दुसरीकडे कंत्राटांत मुदतीआधी काम संपवले तर दिवसागणिक बोनस आणि उशीर झाला तर दिवसागणिक दंड. घाईचा भाव असा दिवसावर ठरलेला आहे. सुरक्षेचा खर्च मात्र बहुधा इतर कामांच्या दरातच धरलेला असतो, म्हणजे दर पाडताना जिथे पहिली कात्री लागते तिथे. माणसांची वाट वेगळी करणारे अडथळे, रात्रीचे दिवे, शिकवलेला इशारेवाला, मजुरांचे शेड गाड्यांच्या वाटेपासून दूर, या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत आणि स्वतंत्र दराने आल्या, मोजून त्यांचे पैसे मिळाले आणि न केल्यास कापले गेले, तर ठेकेदार त्या करील. त्याला खडीचे पैसे मिळतात म्हणून तो खडी टाकतो. इतके सरळ आहे ते. आणि प्रत्येक रस्त्याच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर लांबी, खर्च आणि मंत्र्यांची नावे कोरतात तिथे, या कामावर किती जण मेले आणि किती जायबंदी झाले ही एक ओळ कोरायला किती संगमरवर लागेल?

अवघड आहे ते दुसरेच. ४८ तास कामावर न आलेल्या जखमीची नोंद करा असे कायदा सांगतो. तशी नोंद खरे तर प्रत्येक साईटवर होतेच. मुकादमाच्या वहीत नावापुढे चौकोनांची रांग असते; आला तर उभी रेघ, अर्धा दिवस भरला तर अर्धी, नाही आला तर फुली. त्या फुलीला खाडा म्हणतात. दारू पिऊन पडला तरी खाडा, बायको बाळंत झाली म्हणून गावी गेला तरी खाडा, हाताची बोटे गेली तरी खाडा. सलग दोन खाडे पडले की त्याची जागा भरायला दुसरा माणूस येतो. त्या वहीत कारणाचा रकाना नसतो.

स्टँडवरून निघताना फुटाणेवाल्याला विचारले, पेपरात लिहू का तुमचे. नाव नको म्हणाला. मग पुडी आमच्या हातात देता देता बोलला, “त्या दिवशी दुपारच्या जेवणापतोर काम केलतं मी, साहेब. अपघात जेवणानंतर झाला. अर्धी हजेरी निघती माझी. वहीत अख्खा खाडा मांडलाय.”